आठशे बाय सहाशे

२ डिसेंबर, सोमवार

ही डायरी जिनिंगवाल्या भगवानरावांनी जानेवारीत भेट दिली होती. अकरा महिने कोरीच होती. आज उघडली, कारण आज निदान लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

शनिवारी आमच्या ट्रक-वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर जळाला. वासही आला. वीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका गृहस्थांनी बाबांना वजनाचा प्रोग्राम करून दिला होता. तो फक्त विंडोज एक्सपीवर चालतो आणि ते गृहस्थ आता हयात नाहीत. वणीत या दिवसांत कोळशाच्या गाड्या आणि कापसाच्या गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात. काटा बंद म्हणजे रस्ता बंद.

जुनी हार्ड डिस्क वाचली होती. काल दिवसभर बसून मी नव्या कॉम्प्युटरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन बनवली. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कॉम्प्युटर. त्याला वाटतं आपण अजून २००३ सालातच आहोत. आज सकाळी त्यात प्रोग्राम चालू झाला, काट्याची केबल लागली, वजन उमटलं. पुण्यातली नोकरी गेल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला शाबास म्हणालं. काट्यावर पावत्या करणारे प्रेमसिंगकाका.

एक गोष्ट राहिली. आतल्या मशीनचा पडदा ६४० बाय ४८० च्या पुढे जात नाही. चित्र ताणून मॉनिटरभर केलंय, त्यामुळे अक्षरं ही एवढाली दिसतात, पण प्रोग्राम मोठ्या पडद्यासाठी केलेला असल्यानं खालची पट्टी कापली जाते. त्याच पट्टीत, भरलेलं वजन होऊन माल उतरवल्यावर रिकाम्या वजनासाठी थांबलेल्या गाड्यांची यादी असते.

बाबा बघून गेले. म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत बघतो. नाहीतर नवा प्रोग्राम घेऊन टाकू. आणि नवा प्रोग्राम म्हणजे नवा माणूस. प्रेमसिंग बासष्टचा झाला, त्याला आता काय शिकवायचं?"

काका खिडकीपाशीच होते. ऐकलं असणार.

३ डिसेंबर, मंगळवार

आज काट्यावरच बसून होते. पडद्याचं काम पुढे सरकलं नाही, पण काकांचं काम बघितलं.

गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर उतरून खिडकीशी येतो. काका मॉनिटर त्याच्याकडे वळवतात आणि एवढंच म्हणतात, "वाच." ड्रायव्हर मोठ्यानं आकडा वाचतो. काका तो पुन्हा म्हणतात आणि मगच पावती छापतात. "तुह्या डोयानं पाह्य, तुह्या तोंडानं बोल. मंग उद्या येऊन मले म्हनू नको का काट्यानं खाल्लं." बायपासला दोन नवे काटे झालेत, तरी लोक वळसा घालून आमच्याकडे येतात ते यासाठी. बाबा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन या धंद्यात पडले. काका काट्याच्या दुसऱ्या वर्षापासून आहेत. त्यांच्या आधीचा माणूस एक दिवस चष्मा विसरून आला आणि वजन चुकीचं लिहिलं, म्हणून बाबांनी त्याला त्याच दिवशी काढलं होतं. ही गोष्ट बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

माझ्या लहानपणी काका स्वतःच वजनाची हाळी द्यायचे. शाळा सुटल्यावर मी इथे यायचे तेव्हा ती कोपऱ्यावरूनच ऐकू यायची. ड्रायव्हरला वाचायला लावायची पद्धत कधी सुरू झाली कोण जाणे, पण फार चांगली आहे.

४ डिसेंबर, बुधवार

झालं!

आतल्या मशीनला बाहेरच्या पडद्याची ओळख करून द्यायला एक पुरवणी बसवावी लागते. नवी पुरवणी एक्सपीला चालत नाही, जुनी शोधावी लागली. ती बसली तरी पडदा ढिम्म. मग लक्षात आलं, मशीनला चित्रासाठी जेमतेम सोळा एमबी मेमरी दिली होती. ती वाढवली, मशीन बंद करून चालू केली आणि १९२० बाय १०८० मिळालं. सगळा प्रोग्राम, खालची पट्टी, संपूर्ण यादी, वर अर्धा पडदा रिकामा. अक्षरं तर कोरल्यासारखी रेखीव.

बाबा म्हणाले, "बरं झालं." बाबांच्या तोंडी हे म्हणजे पेढे वाटल्यासारखंच आहे.

काका बराच वेळ पडद्यासमोर उभे होते. म्हणाले, "लय मोठा झाला वो पडदा, ताई."

"आवडला ना?"

"आवडला तं. काहून नाई आवडनार." मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

दुपारी ते ड्रायव्हरला वजनाबरोबर गाडीचा नंबरही वाचायला लावत होते. धनसिंग नावाचा एक कोळशाचा ड्रायव्हर आहे, काकांच्याच समाजाचा. तो म्हणाला, "काका, आज डबल परीक्षा घेऊन राह्यले काय?" काका म्हणाले, "पडदा डबल झाला, मंग परीक्षाबी डबल." सगळे हसले. मीही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आठला गेले तर पडदा पुन्हा लहान. गंमत म्हणजे ६४० नाही, ८०० बाय ६००. हा आकडा आला कुठून? मी तो कुठेही दिलेला नाही. अक्षरं पुन्हा भली मोठी, खालची पट्टी पुन्हा कापलेली. यादीतली जेमतेम वरची एक ओळ दिसते.

पुन्हा १९२० केलं. काका चहा आणायला गेले होते. दोन कप घेऊन आले आणि पडदा बघून म्हणाले, "दुरुस्त केलं काय? बरं केलं."

७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा ८०० बाय ६००. वीज गेली नव्हती. मशीन नीट बंद केली होती, काकांनी माझ्यासमोर बंद केली. पुरवणी काढून परत बसवली.

९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा.

काल रविवारी मी दिवसभर बसले होते, तेव्हा टिकलं. आज दुपारी बँकेत जाऊन आले तेवढ्यात गेलं. मी समोर असले की टिकतं, पाठ वळली की जातं. पुण्यात टेस्टिंगमध्ये आम्ही असल्या दोषांना भूत म्हणायचो.

इंटरनेटवरच्या चर्चागटात सगळं तपशीलवार लिहून विचारलं. कुणीतरी उत्तर दिलं की या मशीनवर आणखी कोणी बसतं का? लोक प्रश्न नीट वाचतच नाहीत. दुसरं कोण बसणार? फक्त काका, आणि त्यांना माऊसची उजवी कळ कशाला असते हेही ठाऊक नसेल. ते तर वजनं टिपायला अजून कापसाच्या गठाणीवर नंबर टाकायचा जाडा मार्कर वापरतात. मी चांगलं पेन आणून दिलं, तर खिशाला लावून ठेवलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली आहे. पंधरा तारीख जवळ आली. हे जमलं नाही तर काकांची खुर्ची जाईल आणि ती माझ्या हातून गेली असं होईल.

११ डिसेंबर, बुधवार

वाईट दिवस.

सकाळी अकराला भगवानरावांचा फोन. "काहो स्पृहाबाई, आमच्या गाडीत कापूस होता का लोखंड?" पावणेदोन टन कापूस पावतीवर जास्त दिसत होता. शोधलं तेव्हा कळलं. काल संध्याकाळी दोन गाड्या रिकाम्या वजनासाठी थांबल्या होत्या, एक कोळशाची, एक कापसाची. नंबर जवळजवळ सारखे, शेवटचा एक आकडा वेगळा. पडदा ८०० वर होता, यादीची वरची एकच ओळ दिसत होती. काकांनी तीच निवडली. ड्रायव्हरनं वजन बरोबर वाचलं होतं, पण ते दुसऱ्याच गाडीच्या नावावर चढलं.

बावीस वर्षांतली पहिली तक्रार. बाबा खिडकीत उभे राहून, ड्रायव्हरांच्या देखत म्हणाले, "प्रेमसिंग, नंबर वाचता येत नाही का?"

काका उठून उभे राहिले. "माही चूक झाली, साहेब."

मी मध्ये पडले. म्हटलं, त्यांची चूक नाही, मशीनची आहे, खालची पट्टी दिसतच नव्हती. बाबा माझ्याकडे वळले. "मग नीट कर ना! आठ दिवस झाले काय करून राहिली तू?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला रडूच आलं. मला वाटतं, त्यांची बाजू घेणारं कुणीतरी आहे याचंच त्यांना बरं वाटलं असेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

आता कायमचा बंदोबस्त केला. दोष का येतो ते कळत नसेल, तर दोषाला यायला जागाच ठेवायची नाही. आतल्या मशीनमध्ये पडद्याचं माप बदलायचं जे पान असतं, तेच लपवून टाकलं. आता १९२० म्हणजे १९२०. भूत असो की आणखी कुणी, माझ्या पासवर्डशिवाय बदलू शकणार नाही.

काकांना सांगितलं, "काका, कुलूप लावलं. आता तुमच्यावर आळ येणार नाही."

"कुलूप लावलं," ते म्हणाले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टिकलं!! सकाळपासून सुट्टी होईपर्यंत टिकलं.

काकांना बरं नसावं. डबा तसाच परत नेला. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, कोळशाची धूळ फार उडते आजकाल. नाक अगदी पडद्याला टेकवून बसले होते. धनसिंग म्हणाला, "काका, टीव्हीत घुसून राह्यले काय?" एरवी काकांनी त्याला सोडलं नसतं. आज नुसतं "वाच" म्हणाले.

१४ डिसेंबर, शनिवार

काकांनी नोकरी सोडली.

सकाळी माझ्या आधी आले होते. काटा झाडून ठेवला होता. पावतीपुस्तकं एकावर एक नीट रचलेली, वर किल्ल्या. "ताई, मी आता तांड्यावर जाऊन राह्यलो. रुक्मा तिथं एकटीच असते. लय वर्स झाली." काकांचा तांडा ढाणकीकडे आहे, रुक्माबाई तिथेच असतात. इतकी वर्षं काका दर पंधरा दिवसांनी एस्टीनं जाऊन येत होते. कधी तक्रार नव्हती.

"काका, आता कुठे मशीन नीट चालायला लागली. तुमच्यासाठी केलं हो मी सगळं."

"मले मालूम हाय ना, बेटा. तू मेहनत केली. मशीन चांगली झाली." किल्ल्या माझ्याकडे सरकवून म्हणाले, "माहीच वेळ झाली."

बाबांनी थांब म्हटलं नाही. फक्त "सोमवारी हिशेबाला ये" म्हणाले. मला दोघांचाही राग आला. काकांचा जरा जास्तच. पंधरा तारखेच्या एक दिवस आधी मी जिंकले होते आणि ज्यांच्यासाठी जिंकले तेच उठून गेले.

१५ डिसेंबर, रविवार

आज काट्यावर मी एकटी. लिहायला सुचत नाही, पण लिहिते.

दहाच्या सुमारास धनसिंगची गाडी चढली. तो उतरून खिडकीशी आला, टोपी काढली. "वाचू काय?"

मी म्हटलं, "नको, मी वाचते. बत्तीस हजार चारशे साठ."

तो तिथेच घुटमळला. "काका कुठं हायेत?"

"गेले. नोकरी सोडली."

"कायले?"

"मलाच कळत नाही. पडदा एवढा चांगला केला, सगळं स्पष्ट दिसतं..."

तो माझ्याकडे बघत राहिला. मागून दुसऱ्या गाडीनं हॉर्न दिला तर त्यालाच ओरडला, "थांब बे!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, काकाले दिसत कुठं होतं? चार वर्सं झाली, आमीच वाचून राह्यलो ना."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. त्याइले मोठ्ठं अक्षर असन तं दिसे, नाई तं नाई. समद्या लाईनीले मालूम हाय. कोळशाच्या गाड्या, कापसाच्या गाड्या, समद्यायले. पन कोनी एक किलो इकडचा तिकडं नाई वाचला. तुमी पावत्या काढून पाह्यजा."

"एकानंही नाही?"

"एक भेटला होता, लय शाना. त्याले आमी ढाब्यावर समजावून सांगतलं. मंग तोबी बरोबर वाचू लागला."

तो गेला. मी ही डायरी उघडून पहिल्यापासून वाचली. ८०० बाय ६००. एक्सपीत पडद्याचं माप बदलायची सरकपट्टी ओढली की सगळ्यात लहान माप तेच मिळतं. मी समोर असले की टिकायचं, पाठ वळली की जायचं. जाडा मार्कर. नंबर वाचायला लावणं. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेनिशी लिहिलेलं आहे. आणि गुरुवारी मी त्याला कुलूप लावलं.

१६ डिसेंबर, सोमवार

काका राहत्या खोलीत, जिनिंगच्या मागे, होते. ट्रंक बांधून झाली होती, दुपारच्या एस्टीनं निघायचं होतं. मी दारातच विचारलं, "आठशे-सहाशे तुम्ही करत होता ना?"

ते खाली बसले. "कोनं सांगतलं? धनसिंगानं?"

"तुम्हाला ते करता कसं येतं, काका? मला वाटलं तुम्हाला उजवी कळसुद्धा..."

"तूच शिकवलं."

"मी?"

"तिसरीत होती तू. शाळेतून ये अन् त्या मशीनवर तो सापाचा खेळ खेळे. साप बारीक दिसते म्हने, अन् कायतरी दाबून समदं मोठं करे. मी रागावलो, का साहेब बोंबलतीन. तं तू मले शिकवलं, काका, हे दाबा, हे वढा, का परत लहान होते." हसले जरासे. "मी उलटं ध्यानात ठेवलं."

ते सांगत होते. चार वर्षांपासून डोळ्यांपुढे धूर आल्यासारखं. काट्यावरचे लाल आकडे फुलझडीसारखे फुटतात. चष्मा दोनदा बदलला. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरनं कागद दिला असता आणि तो बाबांना दाखवावा लागला असता. "साहेबानं त्या माणसाले काढलं तेव्हा मी काम मागाले येऊन तिथंच उभा होतो, ताई. तो तं फक्त चष्मा विसरला होता."

"आणि भगवानरावांची गाडी?"

"ती माहीच चूक. तू मशीनच्या नावावर घातली, तवाच ठरवलं, आता उठाचं. तुह्या कामाले मी बट्टा लावून राह्यलो होतो." मग म्हणाले, "साहेबाले नको सांगू."

मी वचन दिलं नाही. एस्टी मात्र काकांशिवायच जाऊ दिली.

१७ डिसेंबर, मंगळवार

बाबांना सांगितलं. सकाळी, चहाच्या वेळी, एका दमात. शेवटी म्हटलं, "त्यांना काढायचं असेल तर मलाही काढा. कुलूप मी लावलं होतं."

बाबा बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "चार वर्षं?" एवढंच म्हणाले. मग आत गेले आणि जुन्या पावत्यांची बंडलं काढून बसले. दुपारपर्यंत आमच्या पावत्या आणि जिनिंगहून मागवलेल्या त्यांच्या काट्याच्या पावत्या ताडून बघत होते. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. तीनला बाहेर आले.

"एक चूक आहे," म्हणाले. "गेल्या मंगळवारची."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही." चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो चष्मावाला माणूस बिचारा... त्याचं नावसुद्धा आठवत नाही मला." मग एकदम, "प्रेमसिंगला घेऊन डॉक्टरकडे जा. उद्याच. ऑपरेशन म्हणाले तर करून टाक. खुर्ची कुठे पळून नाही जात."

"तोवर काट्यावर कोण बसेल?"

"मी बसतो ना."

१९ डिसेंबर, गुरुवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त पिकलेला. चोवीस तारखेला डावा करायचा. डॉक्टर म्हणाल्या, इतके दिवस काम कसं करत होता? काका म्हणाले, "लोकायच्या डोयानं."

ऑपरेशनपर्यंत काका घरी बसायला तयार नाहीत. म्हणून कुलूप काढलं आणि घरचा बत्तीस इंची टीव्ही काट्यावर नेऊन लावला. आतल्या मशीनला १०२४ बाय ७६८ दिलं, म्हणजे खालची पट्टी पूर्ण दिसते, आणि चित्र ताणून टीव्हीभर केलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पडद्याचं माप किती हे मी शंभरदा तपासलं, त्याच्यासमोर बसणाऱ्याला किती लागतं हे एकदाही विचारलं नाही.

बाबांची क्रिकेट मॅच गेली.

२६ डिसेंबर, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. रुक्माबाई आल्या आहेत. काका हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसले होते आणि त्या त्यांना बाटीचा तुकडा मोडून देत म्हणत होत्या, "चार वर्सं मले म्हने, तू लय गोरी दिसून राह्यली. आता समजलं काहून."

बाबा काट्यावर बसतात. पहिल्याच गाडीला त्यांनी घसा खाकरला आणि टीव्ही ड्रायव्हरकडे वळवला. तो धनसिंगच होता. म्हणाला, "साहेब, तुमीबी?"

१३ जानेवारी, सोमवार

डायरीची पानं संपली, मागच्या पत्त्यांच्या पानांवर लिहिते आहे.

काका आज कामावर आले. काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा. खुर्चीत बसले, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय वो ताई, अक्षरं कायले येवढाले केले? आंधळ्याच्या शाळेवानी. लहान कर. समदी यादी एका नजरेत दिसू दे. अन् हा डबा साहेबाच्या घरी पोचव."

मॉनिटर परत लावला. १९२० बाय १०८० केलं. काका एक एक ओळ बोट ठेवून वाचत गेले, वरपासून खालपर्यंत. मी बाहेर जाऊन उगाच काट्यावरची धूळ झाडली.

पहिली गाडी आली. काकांनी खिडकीतून डोकं काढून हाळी दिली, "एकोनतीस हजार एकशे ऐंशी!" कोपऱ्यापर्यंत गेली असेल. मग मॉनिटर ड्रायव्हरकडे वळवला. "वाच."

"काका, आता तं तुमाले दिसते ना?"

"मले दिसते. तुले दिसलं पाह्यजे."

त्यानं वाचलं.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी आठला जाऊन पाहिलं. १९२० बाय १०८०. कुणी हात लावला नव्हता.